चाळीस नंबरचा पट्टा

सोमवार, ५ मार्च २००७

सव्वा इंच. टेप लावून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सव्वा इंचच. आणि या सव्वा इंचासाठी सासूबाई घरी येऊ शकणार नाहीत म्हणे!

पडल्या बाथरूममध्ये, आणि अडलंय खोलीच्या दारात. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. आता चालायची फ्रेम धरून दहा पावलं टाकतात, बाकी सगळं व्हीलचेअरवर. आज वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटली, जोअ‍ॅन नावाची, फार तर पंचविशीची. तिने मला घराचा नकाशा काढायला लावला. पुढे बैठकीची खोली, मग किचन, मागे सासूबाईंची खोली, तिला लागून शॉवर. सगळं तळमजल्यावर. ती खूश. मग विचारते, 'कुठे पायरी आहे? उंबरठा?'

आहे ना. अख्ख्या लेस्टरमध्ये फक्त आमच्याकडेच असेल! इंग्रजांच्या घरात आतल्या खोलीला उंबरठा कोण करतं? २००३ मध्ये मागे खोली वाढवली तेव्हा मिलिंदने हट्टाने केला. 'आईच्या खोलीला उंबरठा पाहिजे, नाहीतर तिला ते आपलं घर वाटणार नाही.' जुन्या लाकडाच्या वखारीतून ओकची काळीकुट्ट तुळई आणली, खिळ्यांनी भरलेली. बिल्डर गालात हसत होता. चौकटीचे दोन्ही खांब त्या तुळईवर उभे आहेत आणि तुळई खाली काँक्रीटमध्ये बसवलेली. काढायची तर चौकट आणि बाजूची भिंत, दोन्ही फोडा.

जोअ‍ॅन म्हणाली, अर्धा इंच चालेल, दोन्हीकडून उतार असेल तर. गुरुवारी, बावीस तारखेला ती घर बघायला येणार. तोवर झालं नाही तर नर्सिंग होम, म्हणजे इथला वृद्धाश्रमच. जिथे जागा मिळेल तिथे. आत्ता एकच जागा रिकामी आहे, तीस मैलांवर कुठल्या तरी खेड्यात. सासूबाईंचं इंग्रजी थँक्यू आणि सॉरीपाशी संपतं. तिथे त्या बोलणार कुणाशी? भिंतीशी?

जोअ‍ॅनने हेही विचारलं की त्यांना स्वतःला काय हवंय. मी म्हटलं, घरी यायचंय, दुसरं काय! हा काय प्रश्न झाला?

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, 'बघू.'

मंगळवार, ६ मार्च

आज रजा घेतली, सगळा दिवस फोनवर गेला. बिल्डर मेच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ शकतो. दुसरा एक जण म्हणाला की असल्या जुन्या तुळईत आत किती खिळे असतील देव जाणे, माझा रंधा मी त्याला लावणार नाही. तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

संध्याकाळी मिलिंदला म्हटलं, आपणच तासू या. तर चेहरा असा केला की मी त्याचा हात कापायला निघालेय! 'आईचा उंबरठा आहे तो नीना.' मी म्हटलं, 'आणि आई?' तो उठला आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागला. मार्च महिन्यात. पाऊस पडत असताना.

पंचवीस वर्षं ऐकतेय हे 'बघू'. पण त्याचं एकट्याचं नाही. माझ्या आईला गिरीशने पुण्यात वृद्धाश्रमात ठेवायचं म्हटलं तेव्हा मी इथून फोनवर काय म्हणाले? 'बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते.' माझा सख्खा भाऊ, मी सख्खी मुलगी, आणि एवढंच बोलले. नऊ महिन्यांत ती गेली. शेवटच्या फोनवर म्हणाली, इथला चहा पांचट असतो.

सासूबाईंचं आणि माझं काही सख्य नाही, हे मी इथे तरी खरं लिहावं. पण माझ्या घरातून दुसरी बाई तशी जाणार नाही. अजिबात नाही.

गुरुवार, ८ मार्च

गॅरेजमधून मिलिंदचा सँडर काढला. हातात धरून चालवायचा, खाली पट्टा गरगर फिरतो तो. दिसायला इस्त्रीसारखा, वजनाला तीन इस्त्र्यांएवढा. खोक्यात पट्ट्यांचं एक पाकीट होतं. १२०, ८० आणि ४०. ओक लोखंडासारखा कडक, म्हणून मी सगळ्यात मोठा नंबर लावला. एकशेवीस.

पाऊण तास घासलं. दात शिवशिवायला लागले. टेप लावला. सव्वा इंच! तसूभर कमी झालं नाही. उलट उंबरठा असा चकाकायला लागला की त्यात तोंड बघावं. मी त्याला पॉलिश करत बसले होते!

मिलिंद आला, पाहिलं, म्हणाला, 'मोठा नंबर म्हणजे बारीक दाणा.' मग आधी का नाही सांगितलंस? 'तू विचारलं नाहीस.'

तळपायाची आग मस्तकात गेली. उठून ४० चा लावला. अर्धं मिनिट चालला आणि फाट्‌ असा आवाज येऊन पट्टा दोन तुकडे होऊन भिंतीवर. जोड सुटला. चार वर्षं दमट गॅरेजमध्ये पडून जोडाचा गोंद मेला होता. त्याचा फटका मनगटाला बसला, चांगला वळ उठलाय.

उद्या कामावर लांब बाह्यांचं घालावं लागेल. नाहीतर फार्मसीत सगळ्या जणी विचारत बसतील.

शनिवार, १० मार्च

हत्यारांच्या दुकानात गेले. घरदुरुस्तीच्या मोठ्या डीआयवायवाल्याकडे नाही, रेल्वेपुलाजवळच्या छोट्या दुकानात. म्हातारा मालक, कीथ. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'डक', इथली लाडाची हाक. पंचवीस वर्षं लेस्टरला काढल्यावर बदक म्हणवून घेण्याचं मला काही वाटत नाही. पण त्याने पहिल्यांदा माझ्या मागे बघितलं, नवरा कुठे उभा आहे का म्हणून. त्याचं वाटलं.

'कुठल्या साइझचा पट्टा?' मी म्हटलं, नेहमीचा. तो हसला. नेहमीचा असा काही नसतोच म्हणे. तुटका पट्टा घेऊन ये, आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. म्हणजे परत घरी, परत दुकानात. तीन इंच रुंद, एकवीस इंच लांब. दीड तास गेला.

पण माणूस जाणता आहे. नीट समजावून सांगितलं. नंबर म्हणजे चाळणीची भोकं. इंचात चाळीस भोकं असलेल्या चाळणीतून पडलेला दाणा तो चाळीस, जाडा. एकशेवीसचा रव्यासारखा, शेवटी हात फिरवायला. मधले टप्पे गाळायचे नाहीत, चाळीसच्या ओरखड्यांवर एकदम एकशेवीस लावला तर ओरखडे तसेच राहतात. कापडी पाठीचाच पट्टा घ्यायचा, कागदी नाही. आतला बाण चाकं फिरतात त्या दिशेला यायला हवा, उलटा लावला तर जोड उचकटतो. आणि दाबायचं नाही. मशीनचं वजन पुरतं. चाळीसचे पाच पट्टे घेतले.

घरी येऊन लावला. आणि काय फरक! खरंच कापतं. भुकटी उडायला लागली. दोन मिनिटं मी अगदी खूश होते.

मग थांबलंच. मशीन फिरतंय आणि लाकूड ढिम्म. उलटं करून बघितलं तर पट्टा पिवळाधमक. दाणे दिसतच नव्हते, वर हळदीचा चिकट थर! चार वर्षं सासूबाई रोज सकाळी त्या उंबरठ्याला खोबरेल तेलाचा हात द्यायच्या आणि वर हळदकुंकू. 'लाकूड उलत नाही तेलानं,' असं म्हणायच्या. इंग्लंडच्या ओल्या हवेत लाकूड कशाला तडकतंय! सगळं तेल आत मुरलंय आणि घासून तापलं की ते वर येतं. अख्ख्या किचनला गरम खोबरेलाचा वास.

पाचातले तीन पट्टे तासाभरात भरून बाद. टेप लावला. एक सूत गेलं असेल.

मी रडले. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

रविवार, ११ मार्च

साताऱ्याहून सीमाचा फोन. मिलिंदची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. मिलिंदने तिला सांगून टाकलं.

'वहिनी, उंबरठा कापताय म्हणे तुम्ही? आई जिवंत असताना?'

मी म्हटलं, जिवंत आहेत म्हणूनच कापतेय.

'तसं नाही हो, पण आईच्या मनाला काय वाटेल? तिनं रोज पुजलाय तो.' मग अर्धा तास लक्ष्मी, घराणं, शेजारच्यांनी उंबरा काढला आणि वर्षात काय झालं. तिने सहा वर्षांत आईला आठ दिवस नेलेलं नाही आपल्याकडे! सासरे गेल्यावर सगळ्यांत आधी म्हणाली होती, 'दादाकडेच बरं पडेल आईला, तिथं सोयी आहेत.' सोयी! मी म्हटलं, 'सीमा, तू ये. तिकीट मी पाठवते. इथे गुडघे टेकून बस, सँडर धर, मग आपण आईच्या मनाचं बोलू.'

फोन ठेवला तिने. ठेवू दे.

मंगळवार, १३ मार्च

परत कीथकडे. पिवळे पट्टे दाखवले. त्याने वास घेतला आणि म्हणाला, चाळीस वर्षं दुकान चालवतोय, करीचा वास येणारा ओक पहिल्यांदा बघतोय. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. आज वेळ नव्हता.

दोन गोष्टी सांगितल्या. एक, तेलकट लाकडाला विरळ दाण्यांचा पट्टा लागतो, दाण्यांमध्ये जागा सोडलेला, म्हणजे चिकटा साचत नाही. त्याच्याकडे तसे चार होते, चाळीसचेच. दुसरं म्हणजे भरलेला पट्टा फेकायचा नाही. मशीन चालू ठेवून फिरत्या पट्ट्यावर कच्च्या रबराची कांडी धरायची, रबर चिकटा ओढून घेतं. कांडी त्याच्याकडे संपली होती. पण जुन्या क्रेप सोलच्या बुटाचा तळवाही कच्च्या रबराचाच, तो अगदी तसंच काम करतो म्हणाला.

मिलिंदचे ते पिवळे बूट, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून कपाटात. टाकू देत नाही. घातलेले मी दहा वर्षांत पाहिले नाहीत. भाजीच्या सुरीने तळवा काढला.

काय काम करतो! पिवळे पट्टे पुन्हा करकरीत झाले. आज पाव इंच उतरला. शेजारच्या मिसेस हॅरिसला सातच्या आत बंद करीन म्हणून सांगून आले होते, तेही पाळलं.

मिलिंदने बूट पाहिले. परत कपाटात ठेवले. बोलायला हवं होतं! भांडायला तरी मिळालं असतं.

बुधवार, १४ मार्च

हॉस्पिटलला डबा घेऊन गेले. सासूबाई खुर्चीत बसून शेजारच्या पलंगावरच्या शांताबेनशी बोलत होत्या. या मराठीत बोलतात, त्या गुजरातीत, आणि दोघी हसतायत. मला बघून सासूबाई गप्प झाल्या. मी गेले की गप्प होतातच.

'हात पिवळा का गं तुझा?'

म्हटलं, हळद सांडली. उंबरठ्याचं त्यांना सांगितलेलं नाही. इथे पडल्या पडल्या जिवाला घोर नको. पूर्ण झालं की कळेलच.

शांताबेन पुढच्या आठवड्यात जाणार. घरी नाही, बेलग्रेव्हच्या बाजूला, गुजराती वस्तीत एक होम आहे तिथे. दोन मुलगे, दोघांची मोठी घरं, आणि आई होममध्ये! सासूबाई मला हे सांगत होत्या आणि सांगता सांगता डोळे भरले त्यांचे. मी हात धरला. सहसा धरत नाही. म्हटलं, 'आई, काळजी करू नका. तुम्हाला आम्ही घरीच नेणार. मी आहे ना.'

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, 'जेवलीस का तू?'

बाहेर पडताना शांताबेनचा थोरला मुलगा लिफ्टपाशी भेटला. हसून 'कैसे हो आंटी' म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. असल्या मुलांशी काय बोलायचं.

शुक्रवार, १६ मार्च

भांडलो. व्हायचंच होतं.

मी बुधवारपासून दाबून चालवत होते. कीथने बजावलं होतं, दाबू नकोस. पण दिवस उरलेत किती! त्यामुळे लाकूड दोन ठिकाणी जळलं, काळे डाग पडले, मधोमध खड्डा झाला. मिलिंद कामावरून आला, कोटही न काढता दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'थांब, तू जाळतेयस त्याला.'

बस. मशीन खाली ठेवलं आणि मनात होतं ते सगळं बाहेर काढलं. की आई तुझी. की सहा वर्षं मी सकाळी साडेसातला त्यांची पोळीभाजी झाकून ठेवून कामाला जाते आणि सहाला येऊन पुन्हा ओट्याशी उभी राहते. त्यांच्या गोळ्या, त्यांचा दाताचा डॉक्टर, त्यांचे डोळे. की तुला आईचं लाकूड आईपेक्षा जास्त आहे.

तो खाली बसला. तिथेच, भुकटीत, ऑफिसच्या पँटने. म्हणाला, 'मी तिला उचलून इथे आणली. तिचं घर विकलं, तिची माणसं सुटली. तिचं म्हणून या देशात मी एवढं एकच केलं होतं.'

मी म्हटलं, मग तिला इथे परत आण.

माझं चुकलं नाही. पण आवाज खाली यायला हवा होता. मिसेस हॅरिसने भिंतीवर ठोकलं.

शनिवार, १७ मार्च

सकाळी उठले तर मिलिंद उंबरठ्यापाशी, चष्मा कपाळावर, हातात पक्कड. खिळे काढत होता. मुंडकी वर आली होती तेवढे उपटले, उरलेले ठोकून खोल घातले. काल रात्रीचं काही नाही, नमस्कार चमत्कार नाही. म्हणाला, 'खिळ्यावर गेला असता तर पट्टा फाटून तोंडावर आला असता तुझ्या.'

एकवीस खिळे. चहाच्या बशीत ठेवलेत. फेकत नाहीये. असू दे.

मग दिवसभर दोघांनी केलं. त्याला येतं नीट, हे कबूल करायला हवं. पट्टा एका बाजूला सरकत होता तो त्याने बाजूचं बटण पाव फेरा फिरवून मधोमध आणला. मी आठवडाभर नुसतीच शिव्या देत होते त्याला. आधी तिरकं घासायचं, लाकडाच्या रेषांना आडवं, तेव्हा भराभर कापतं. मग रेषांच्या दिशेने सरळ. मशीन सतत हलतं ठेवायचं, एका जागी थांबलं की खड्डा. बंद करतानाही आधी उचलायचं, मग बटण सोडायचं. तो चालवत होता, मी व्हॅक्यूमची नळी धरून, आणि दर पाच मिनिटांनी बुटाचा तळवा.

चहाला थांबलो तेव्हा त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. मला हसू आलं, पण मी हसले नाही. राग अजून पुरता गेलेला नाही.

आता सात दशांश इंच उरलाय.

रविवार, १८ मार्च

ग्लासगोहून सियाचं मदर्स डेचं कार्ड आलं होतं, आणि आज फोन. लेकीला सगळं सांगितलं. तासभर. सीमा काय म्हणाली, शांताबेनची मुलं कशी, जोअ‍ॅन कशी, कीथ कसा, बाबा कसा.

मध्येच म्हणाली, 'मम्मी, तू एवढा राग कोणावर आहे? खरा सांग.'

व्याकरण सुधार आधी, म्हटलं.

मंगळवार, २० मार्च

झालं!

पाऊण इंच उतरवलं. मधला भाग अर्ध्या इंचाला थोडा कमी आणि दोन्हीकडे उतार. चाळीसचे नऊ पट्टे लागले. काल संध्याकाळी ऐंशी, आज दुपारी एकशेवीस. तोच एकशेवीस ज्याच्यावर मी पहिल्या दिवशी पाऊण तास फुकट घालवला. आता त्याचं काम होतं, आणि काय सुंदर करतो! जळलेले डाग गेले. आतून मधासारखं लाकूड निघालं, वर बारीक काळ्या रेघा. तळहात फिरवला तर कुठे अडत नाही. मी चार वेळा फिरवला.

मिलिंद हळदकुंकू घेऊन आला. बोटभर लावू दिलं. तेल नाही म्हणून दम दिला.

आईची आठवण आली. माझ्या.

गुरुवार, २२ मार्च

जोअ‍ॅन आली. सोबत रिकामी व्हीलचेअर. किचनमधून खोलीत, खोलीतून किचनमध्ये, तीनदा. हलकासा धक्का बसतो, एवढंच. खाली वाकून पट्टी लावली, आकडा लिहिला, मग हात फिरवला लाकडावरून. 'हे कुणी केलं?' मी म्हटलं, मी. मिलिंद म्हणाला, हिनेच.

पास. शॉवरला एक दांडी आणि संडासाची सीट उंच, ते कौन्सिलवाले येऊन बसवतील. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी!

फक्त बुधवारी एक मीटिंग. कागदावर सह्या. त्यात हॉस्पिटलचा मराठी दुभाषी असणार म्हणे, घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही, पेशंटला स्वतःला विचारायचा नियम आहे. पाच आठवडे मी बोलतेय सासूबाईंच्या वतीने तेव्हा नियम कुठे होता? पगार देऊन बाहेरची बाई आणणार, आणि ती मला सांगणार माझ्या सासूच्या मनात काय आहे! जोअ‍ॅन म्हणाली, 'फॉर्मॅलिटी आहे, मिसेस के.' तिला अजूनही कारखानीस म्हणता येत नाही.

सीमाला मुद्दाम फोन करून सांगितलं. 'बरं झालं हो वहिनी,' म्हणाली. आवाज पडलेला होता. मला फार बरं वाटलं.

शनिवार, २४ मार्च

खोलीचे पडदे धुतले. पलंग खिडकीकडे फिरवला. गादी नवीन.

बुधवार, २८ मार्च

दुभाषी म्हणून रेखा नावाची मुलगी होती, मिरजेची. तिने विचारलं, 'आजी, तुम्हाला कुठं राहायला आवडेल?' सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, 'शांताबेन गेल्या तिथं जागा असेल तर मला तिथं जायचंय. घरी सकाळी आठ ते सहा मी एकटीच असते. दिवसभर आवाज काढला नाही की संध्याकाळी घसा बसलेला असतो. यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ही फार करते हो माझं.'

मिलिंद रडायला लागला. मी 'आई, अहो' एवढंच म्हणू शकले. राग कुठे गेला कळलं नाही, शोधला तरी सापडेना. सहा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या आईलाही नव्हतं विचारलं.

निघताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'रविवारी येत जा. तुला सुट्टी असते.'